काहील अख्खी बाहेर निघेल त्या दिवशी

पहिल्या आल्या त्या जाऊबाई. मृत्युपत्र लिहायला बसणार हे मी फक्त धाकट्या सुनेच्या कानात सांगितलं होतं, पण आमची आणि जाऊबाईंची भिंत एकच, आणि त्या भिंतीला त्यांचा कान कायमचा चिकटलेला. येऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला काय ठेवलंयस ते आधी लिही, म्हणजे मी उठायला मोकळी." त्यांच्यामागून थोरला मुलगा आला, खिशात मोजायची टेप आणि सोबत एक गवंडी. वकील सगळ्यांत शेवटी आले, कारण त्यांना खरोखर बोलावलं होतं.

तर लिहून ठेवते की, मी या घराची मालकीण, जिला सगळी गल्ली साबणवाली म्हणते ती, शाळेत जेमतेम अक्षरं गिरवलेली, गुडघ्यांनी गेलेली पण डोक्याने शाबूत, कोणाच्या धाकाने नव्हे आणि लाडीगोडीने तर नव्हेच, माझ्या मागे जी भांडणं व्हायची ती निदान मुद्द्याला धरून व्हावीत म्हणून हे लिहीत आहे. अक्षर माझं. वकिलांनी स्थावर आणि जंगम एवढे दोनच शब्द पुरवले. हलतं ते जंगम, हलत नाही ते स्थावर. मी विचारलं, मग साबण शिजवायची माझी ही भली मोठी काहील कशात धरायची? त्यावर त्यांनी काहील हलवून पाहिली. त्याचं पुढे येईलच.

कलम पहिलं. राहत्या घराच्या पुढच्या खोल्या थोरल्याला, मागच्या धाकट्या सुनेला. धाकटा मुलगा गेला तेव्हा ही पोर रडून झाल्यावर उठली, पदर खोचला आणि विचारलं, "आई, सोडा किती घालायचा?" तेव्हापासून साबण तीच शिजवते. मी खुर्चीत बसून चुका काढते. हल्ली चुकाही करत नाही, त्यामुळे मला काम उरलेलं नाही. तिचं आणि तिच्या मुलीचं पोट त्या एका काहिलीवर आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

कलम दुसरं. बँकेत असेल नसेल ते धाकटीच्या त्या मुलीच्या, माझ्या नातीच्या, शिक्षणाला. ती रसायनशास्त्र शिकते. परवा मोठ्याने धडा वाचत होती. मध्येच म्हणाली, "आजी, तू आयुष्यभर सोडियम स्टिअरेट केलंस." मी म्हटलं, मी साबण केला, दुसरं काही केलं असेल तर तुझ्या आजोबांनी. मग तिने समजावलं. तेलातलं स्टिअरिक आम्ल आणि सोडा एकत्र शिजले की त्यांचा क्षार होतो, तोच आपला साबण. त्याचं एक टोक पाण्याला धरतं, लांब शेपटी तेलाला धरते, आणि या ओढाताणीत मळ सुटतो. मला फार आवडलं. घरात सासू आणि नवरा यांच्यामध्ये मी हेच केलं, फक्त त्याला धड्यात कोणी घातलं नाही. गार पाण्यात तो विरघळायला कुरकुरतो, गरम पाण्यात चटकन विरघळतो. थोरल्याचं असंच आहे, त्याला जरा तापवावा लागतो. साबण गार झाला की घट्ट बसतो, म्हणून तर दाढीच्या आणि घामाच्या वासावर फिरवायच्या कांड्यांत तो घालतात.

कलम तिसरं, किरकोळ. झिजून पातळ झालेल्या वड्यांचा डबा शिंप्याला, त्याला कापडावर रेघा मारायला लागतात. एक वडी घरातच ठेवावी, अडकणाऱ्या ड्रॉवरला आणि चेनला चोळायला. तळाशी कीड लागलेला लाकडी साचा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, ज्याने माझ्या वड्यांवर स्वतःचा छाप मारून विकल्या. छाप त्याचा होता, साचाही आता त्याचाच होऊ दे.

कलम चौथं, जाऊबाईंबद्दल. वाटण्या झाल्या तेव्हा नळ माझ्याकडे आला आणि बोअर त्यांच्याकडे गेली. बोअरच्या पाण्यात माझ्या साबणाला फेस यायचा नाही, नुसती राखाडी साय धरायची. जाऊबाईंनी गल्लीभर सांगितलं, हिच्या साबणात पीठ असतं. आम्ही त्यावरून बोलणं टाकलं. म्हणजे एकमेकींशी टाकलं, एकमेकींबद्दल चालू होतं. नातीच्या त्या धड्यात पुढे हेही होतं, की ज्या पाण्यात चुना जास्त त्यात साबणाचा चोथा होतो. भिंतीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई दारात.

"म्हणजे माझं पाणी खराब होतं?"

"पाणी चांगलं, साबण चांगला. दोघांचं पटत नव्हतं, जाऊबाई."

"मग मी गल्लीत इतकं बोलून ठेवलंय त्याचं काय करू?"

"परत फिरा आणि उलटं सांगून या. तुमचे पाय चांगले आहेत."

गेल्या नाहीत. पण तेव्हापासून रविवारी धुणं माझ्या नळावर आणतात. माझ्या मागेही ते तसंच चालावं असं मी लिहीत होते, तेवढ्यात वकिलांनी हात धरला. जाऊबाई साक्षीदार म्हणून सही करणार होत्या, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. जाऊबाई म्हणाल्या, "हिने मला आजवर काय दिलंय? मग अडचण कुठे आली?" वकील म्हणाले, साक्षीदार वयाने लहान असलेला बरा. त्यावर म्हणाल्या, "मी हिच्याआधी जात नाही. तेवढं समाधान मी हिला देणार नाही." नळाचं खोडलं. ते धाकटीच्या कानात सांगितलं आहे, म्हणजे जाऊबाईंना कळलंच असेल.

कलम पाचवं, ज्यासाठी टेप आली होती. साबणाची खोली मी थोरल्याला देते. पूर्ण देते. तिथे त्याला गाडी ठेवायची आहे. एवढं वाचून तो म्हणाला, "आई, सही कर." मी म्हटलं, थांब, पान उलटायचंय.

अट अशी. काहील धाकटीची. ती अख्खी, न कापता, न ठोकता बाहेर निघेल त्या दिवशी खोली थोरल्याच्या ताब्यात जावी. तोवर तिथे धाकटीने साबण करावा आणि कोणी मध्ये बोलू नये.

गवंड्याने काहिलीला टेप लावली, दाराला लावली, पुन्हा काहिलीला लावली. "मावशी, ही आत गेली कशी?"

ती आत गेलीच नाही. आमच्या यजमानांनी आधी काहील आणली, चुलीवर बसवली आणि मग हौसेने भोवती खोली बांधली. दार ठेवलं माणसापुरतं. मी आयुष्यभर त्यांना त्यावरून बोलले, ते मागे घेते. एका बाजूला धुराडं, एका बाजूला जिना, दाराच्या बाजूला घराचा खांब. पाडण्यासारखी भिंत एकच, जाऊबाईंची. गवंड्याने तिच्यावर हात फिरवला. म्हणाला, "गिलाव्यात साबणाचं पाणी दिसतंय. आम्हीपण घालतो, ओल धरत नाही. चांगली भिंत आहे." ती पाडायची तर जाऊबाईंची संमती लागेल. वकील म्हणाले, हे त्यांना काही दिल्यासारखं होत नाही, भिंत त्यांचीही आहेच. नाही म्हणायची सवयही त्यांची स्वतःचीच. आणि जाऊबाईंच्या मागे? जाऊबाईंनी दारात उभ्या नातीकडे बोट केलं. "भिंतीची माझी बाजू मी हिच्या नावाने करते. पोर धडा मोठ्याने वाचते."

हे मी वाचून, हसून आणि समजून सही केली आहे.

सही: साबणवाली
साक्षीदार पहिल्या: भिंतीपलीकडच्या जाऊबाई
साक्षीदार दुसरा: गवंडी (थोरल्याने आणलेला, टेप सोबत)
ठिकाण: साबणाची खोली, काहिलीच्या डाव्या बाजूला
दिनांक: मंगळवार, साबण साच्यात ओतला तो दिवस

सहीनंतरची नोंद. थोरला जाताना म्हणाला, "मोठ्या काकूंशी मी नीट बोलतो. रविवारी येतो." गवंडीही येतो म्हणाला, त्याला दोन वड्या हव्या आहेत. जाऊबाई म्हणाल्या, रविवारी त्यांचं धुणं असतं, त्या नळावरच सापडतील, बादल्या भरायला दोघांनी जरा लवकर यावं.