राणीचे पाय

आरमोरी,
१२ फेब्रुवारी २००५

प्रिय मनसाराम,

सलाम घे, रामराम घे, तुले जे आवडते ते घे, पण या खेपेले उत्तर दे. पोळा झाला न् तू आठ दिवसांसाठी नागपूरले लेकाकडं, प्रफुलकडं गेलास. डोळ्याचं ऑपरेशन करून येतो म्हणालास. आता महाशिवरात्र तोंडावर आली, मार्कंड्याले जत्रेचे तंबू लागून राह्यले, न् तुहा पत्ता नाई. डोळा काढून नवीन घडवून राह्यले का रे तिथी? मले एकच गोष्ट पाहिजे. यंदा जत्रेत माह्यासंगं आपल्या राणी मशीनवर खेळायले येतोस का नाई, तेवढं कळव. हाव म्हण का नाई म्हण. बाकीचं सारं मी माह्याच मनासाठी लिहून राह्यलो.

फोन किती खेपा केला, ते गोकुळावहिनीले इचार. दरवेळी तीच उचलते न् झोपले आहेत म्हणते. सकाळी केला तर झोपला, दुपारी केला तर झोपला, दिवेलागणीले केला तरी झोपलाच. ज्या माणसानं जिंदगीभर बगळ्याच्या आधी उठून तलावात जाळं टाकलं, त्याले एवढी झोप कुठून आली, मले तर समजत नाई. एक दिवस मी बूथवर फोन आपटला. बूथवाला म्हणते, चाचा, त्या फोननं काय केलं तुमचं? काही नाई केलं बिचाऱ्यानं. पण राग कुठी तरी काढावा लागते न्. तू तर हाताशी नाईस.

इथलं काय सांगू. माही सुलताना गेल्यापासून घरात भांडायलेही कोणी उरलं नाई. पोरगा नबील हैदराबादले फ्रीज दुरुस्त करते, ईदेले फोन करते, तब्येत इचारते, बरी आहे म्हणलं की ठेवून देते. रेडिओ तर आता कोणी आणतच नाई दुरुस्तीले. टेपरेकॉर्डर येतात कधीमधी, तेही भंगारात जायच्या आधी एकदा पाहून घ्या म्हणून. तरी मी रोज शटर उघडतो. जत्रा नसली की राणी देखभालीले माह्याकडंच राहते न्, म्हणून उघडतो.

राणी पहिल्यांदा आली ते वर्ष तुले आठवते का? जत्रेत खेळ लावणाऱ्या बापूजीनं ती चंद्रपूरकडच्या कोणत्या तरी बंद पडलेल्या साहेबलोकांच्या क्लबातून भंगारात उचलली होती. विलायती मशीन, काचेवर मुकुटवाली बाई रंगवलेली, म्हणून लोक तिले राणी म्हणायले लागले. मार्कंड्याच्या जत्रेत जनरेटर लावून तिले उभी केली न् बापूजी भोंग्यावर चिल्लावत होता. या भाऊ, या बाई, काचेखाली गोळी पळते, दिवे लागतात, घंट्या वाजतात, गोळी खाली आली की बटन दाबा, दांडीनं वर हाणा, दांड्यांच्या मधातून पडली की डाव संपला! माणसं अशी तुटून पडली की दर्शनाची रांग छोटी न् बापूजीची मोठी. मग त्यानं ती शक्कल काढली. एका डावाले दोघं उभे करायचे, डावं बटन एकाचं, उजवं दुसऱ्याचं. रांग अर्धी झाली. साऱ्या दुनियेत हा खेळ एकटा माणूस दोन हातांनी खेळते म्हणे. आपल्या मार्कंड्यात तो जोडीनंच खेळला जाते, न् पुढं टुर्नामेंट सुरू झाली तीही जोडीचीच.

त्या रांगेत माह्या मागं तू होतास. अंगाले मासोळीचा वास, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मी मनात म्हणलं, अल्ला, हा कोणता जोडीदार माह्या गळ्यात घातला! मी डावीकडं, तू उजवीकडं. मी आपला गोळी दिसली की टपाटप बटन हाणत होतो. तू मात्र डावा हात कमरेवर ठेवून, उजव्या हाताचं एक बोट बटनावर ठेवून, पाण्यात पाहावं तसा काचेत पाहत उभा होतास. गोळी पार दांडीच्या टोकाले येईपर्यंत हलला नाईस. मी तुह्यावर खेकसलो. तू फक्त कोपरानं माह्या कोपराले हळूच दाबलं. म्हणजे थांब. जिंदगीत मले कोणी थांब म्हणलेलं मी ऐकलं नव्हतं, सुलतानाचंही नाई. पण त्या कोपराचं ऐकलं, कसं कोण जाणे. तवापासून आपण खेळताना तोंडानं एक शब्द बोललो नाई. एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर सोड, न् जोरात हाणलं तर बह्याडा, काय केलंस हे!

नागभीडच्या त्या रेल्वेवाल्या भावांशी झालेली फायनल तर अजून चामोर्शीच्या बाजारात सांगतात. त्यायचा आकडा एवढा वर गेला होता की गोकुळावहिनी मागून म्हणे, चला आता घरी, उगाच इज्जत घालवू नका, मले अजून भात टाकायचा आहे. शेवटची गोळी. ती घरंगळत तुह्या दांडीवर आली न् तू दांडी वर धरून तिले तिथीच झोपवली. लोकं ओरडून राह्यले, मार, मार! बापूजीचा पोरगा कोलू तेव्हा नवाच बापाच्या गल्ल्यावर बसत होता, तोही उठून उभा राह्यला. माह्या कपाळाचा घाम काचेवर पडला. तू हललाच नाईस. मले वाटलं, हा माणूस झोपला का काय! मग तुहा कोपर दोनदा लागला, न् तू ती गोळी अशी अलगद माह्याकडं सोडली की मले फक्त बोट दाबायचं उरलं. वरच्या कोपऱ्यातला मुकुट पेटला, साऱ्या घंट्या एकदम वाजल्या. लोकायनं मले खांद्यावर घेतलं. तुले कोणी घेतलं नाई, न् तू आपला बाजूले उभा राहून हसत होतास. त्या दिवशी मी तुले काही बोललो नाई. आज बोलतो. मारली मी होती, जिंकवलं तू.

आता माही गंमत ऐक. दुकानात गिऱ्हाईक नसते तेव्हा मी राणीवरची चादर काढतो न् एकटाच खेळतो. मले जमतच नाई, मनसाराम. डावा हात बरोबर चालते. उजवा हात बटनावर ठेवतो, डोळ्याले गोळी येताना दिसते, पण बोट दबतच नाई. ते आपलं तुह्या बोटाची वाट पाहते. गोळी उजवीकडून दांडीवरून घसरते, मधातून पडते. पुन्हा टाकतो, पुन्हा उजवीकडूनच. मेकॅनिक माणूस मी, आधी मशीनवरच संशय घेतला. स्प्रिंग बदलली, सायकलच्या ट्यूबचं नवीन रबर कापून चढवलं. मशीन ठणठणीत आहे. बिघाड कुठी आहे ते मले समजलं, पण त्याले पाना लागत नाई. मले करमत नाई रे. दिवसभर त्या घंट्या ऐकून बाजूचा टेलरही म्हणते, चाचा, बंद करा आता, कसंसंच वाटते.

टुर्नामेंट आता कोलू चालवते, न् जोडीदार नसला तर तो नाव लिहून घेत नाई, त्याच्या बापानं घालून दिलेला नियम आहे तो. म्हणून मी लटारूले धरून पाह्यलं. तोच रे, जीप चालवणारा. माणूस दिलाचा चांगला आहे, पण खर्रा चघळत खेळते न् तोंडानं सारखा बोलते. चाचा मारा, चाचा सोडा, चाचा गेली! मी त्याले कोपरानं दाबलं तर म्हणते, काय झालं चाचा, गुदगुल्या काऊन करून राह्यले? मी त्याच क्षणी चादर टाकली. तुह्या जागेवर दुसऱ्या कोणाले उभं करणं माह्याच्यानं होत नाई.

आणि अखीन एक. मी राणीचे पाय कापले. हाव, बरोबर वाचलंस. चारही पाय काढले, वेल्डिंगवाल्याकडून हातभर छोटे करून आणले. उतार पह्यलेसारखाच ठेवला, पाणसळ लावून पाह्यली. कोलू आला तेव्हा डोक्याले हात लावून बसला. चाचा, सठियाले का तुम्ही, म्हणे, आता लोकायनं काय वाकून खेळायचं? मी म्हणलं, वाकून काऊन, खुर्चीवर बसून खेळायचं, साऱ्याच जोड्यायनं. सारेच बसले तर कोणाचं काय नुकसान? खूप भांडला. मग मी त्याले कारण सांगतलं. तो चहाही न पिता उठला, न् जाताना म्हणाला, चाचा, खुर्च्या माह्याकडून.

ते कारण आता तुलेही सांगतो. इतका वेळ झोप न् डोळ्याचं बोलून मी सोंग करून राह्यलो होतो. संक्रांतीच्या सुमाराले प्रफुल धान विकायले आलता. बसस्टँडवर भेटला, तुह्या वाटच्या साऱ्या शिव्या मी त्याले घातल्या. ते एवढं दांडगं लेकरू माह्यासमोर रडायले लागलं. म्हणे, चाचा, डोळ्याचं ऑपरेशन झालंच नाई. नागपूरले गेल्यावर बाबाले लकवा मारला. डावा हात गेला, डावा पाय ओढावा लागते. न् बाबानं साऱ्यायले शपथ घातली, जलालले सांगायचं नाई, अर्ध्या माणसाले पाहून तो काय करन. मनसाराम, हे ऐकून मी बसस्टँडच्या बाकावर बसलो. आधी रडलो. मग तुहा असा राग आला म्हणून सांगू! अरे बह्याडा, अर्धा कोणाले म्हणतोस? राणीसमोर तू पुरा होतास तरी कधी? तूही अर्धाच होतास न् मीही अर्धाच. तुहा डावा हात आपल्या डावात कधी लागला, मले सांग. तो तर जनमभर कमरेवर होता, न् त्याच्या कोपराचे इशारे आता माहा कोपर करन. डावं बटन माहं आहे, डावी बाजू मी पाहतो. मले तुहं उजवं बोट पाहिजे, न् ते ठीक आहे, प्रफुललेच मी इचारून घेतलं. त्याले सारं सांगून ठेवलं आहे. तो तुले नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीत बसवून आणन, मी लटारूची जीप घेऊन नागभीडच्या फलाटावर उभा राहीन, तिथून थेट मार्कंडा. वहिनीले म्हण, भात मी टाकतो यंदा. जिंकलो नाई तरी चालते. राणीसमोर कोलू दोन खुर्च्या ठेवून राह्यला आहे, न् उजव्या खुर्चीवर मी कोणाले बसू देणार नाई. ये लेका.

तुहाच डावा हात,
जलालुद्दीन