कमान चुन्यातच

७ जानेवारी
पौडच्या पुढच्या मोठ्या चर्चचं काम गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच मागून घेतलं. वेदीवरची दगडी कमान तडकलीये. समितीला ती पाडून सपाट स्लॅब हवाय. मी म्हटलं, तेच दगड, तसाच चुना, पुन्हा उभी करते. फादर म्हणाले, "उभी राहिली तर ठीक. नाहीतर स्लॅब." आर्किटेक्ट म्हणून पहिलंच स्वतंत्र काम.

१९ जाने.
परांचीवर चढले. दोन मनोरे, टोकदार कमानी, रंगीत काचा, सगळा थाट युरोपी. आणि खांबांच्या माथ्यावर चक्क केळफुलं! कोरणारे पाथरवट इथलेच, दारात पाहिलं तेच कोरलं. आमचे गवंडी सोपानकाका हात फिरवत म्हणाले, "आपल्याच मान्सांचं काम हाय, ताई." आणि याच्यावर स्लॅब? छे.

११ फेब्रु.
डोकं फिरलंय. दगड उतरवून लाकडी आधारावर पुन्हा रचत आणले, आणि शेवटच्या सांध्यांत काकांनी चुन्यात गुपचूप सिमेंट मिसळलं! सिमेंट ओल धरून ठेवतं, शेजारचा दगड फुटतो. किती वेळा सांगायचं! खूप ओरडले. काका खाली बघत, "नुसत्या चुन्यावर जीव ठरंना. पडली तर तुमचं नाव जाईल."
सांधे आजच उकरून काढले. काका स्वतः उकरत होते.

१२ फेब्रु.
फादरना खरं ते सांगितलं. रागावले नाहीत, पण समिती वैतागलीये. मुदत इस्टरपर्यंत. त्यानंतर स्लॅबच. चुन्याला घाई कळत नाही, आणि समितीला चुना.

५ मार्च
रोज सांध्यांवरचं गोणपाट भिजवणं. सांधे हळूहळू घट्ट होतायत. आज बोटाचं नख रुतलं नाही. घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

२८ मार्च
लाकडी आधाराच्या पाचरी सैल करायला घेतल्या. पहिल्या घावाला बांधणाऱ्यानं कमानीखाली उभं राहायचं, ही काकांच्या घरची रीत. नारळ फोडून, टोपी सारखी करून काका आत गेले. मीपण.
"ताई, तुमी भायेर व्हा."
"कमान दोघांची आहे, काका."
"मंग गप उभ्या ऱ्हा."
फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि आमच्याशेजारी बसले. घाव पडला. धूळ आली. कमान सूतभर खाली बसली, थांबली.
उरलेल्या निम्म्या पाचरी उद्या, समितीसमोर. निघताना फादर काकांना म्हणाले, "समितीच्या खुर्च्यासुद्धा इथंच मांडा, कमानीखाली."