चाचींच्या बटव्यावरचं फौजी बटण

उस्ताद, ते राहिलेलं बटण अखेर सापडलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता कळतंय, तुम्ही लई लबाड होतात!

मी तुमच्या हाताखाली शिवण शिकत होतो तेव्हा केजच्या आपल्या दुकानात एक म्हातारबा निजामाच्या फौजेतला कोट घेऊन आलते. नातवाच्या मापाचा करून पाहिजे होता, पितळी बटणं काढून काळी लावायची होती. मी बटणाला हात घालतो, तोच तुम्ही खेकसता, "वडतो कावून बे? कापड फाटंल!" मग ती बटणं माझ्याच ओंजळीत टाकता. प्रत्येकावर निजाम सरकारची दस्तार, ती उंच शाही पगडी, उठवलेली. "ठेव. असलं नकशीकाम आता कोन करतंय?" कोटाला एक कमी निघालं. "मिळंल की, घाई काय हाय," म्हणून तुम्ही पुन्हा मशीनवर वाकलात.

तेव्हापासून हा बटणं जमवायचा नाद लागला तो लागलाच. सिरसाळ्याचा बाजार, मांजरसुंब्याचे भंगारवाले, सगळं धुंडाळलं. बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर, कुठल्या कुठल्या संस्थानांच्या फौजांची बटणं जमली. घरची म्हणते, "अंगातल्या सदऱ्याला बटण न्हाई अन् पेटीत फौज!" मजेत चाललंय माझं, उस्ताद. फक्त त्या कोटाचा संच अपुरा, ते मात्र सलायचं.

परवा नांदूरघाटला गेलो. तुमच्या मागं चाची तिथं लेकीकडं राहतात. थकल्यात, पण जीभ तीच. पान लावायला बटवा काढला, अन् बटव्याच्या तोंडाशी तीच दस्तार! माझा चेहरा बघून म्हणाल्या, "निकाहानंतर न मागता त्यांनी दिलेली एवढीच चीज. बाकी सगळं भांडून घेतलं." आणि त्यांनीच कात्री पुढं केली. "नेतोस? ने. मला साधं बटण लावून दे."

कात्री लागलीच नाही. दोरा इतका झिजलेला की बटण अलगद हातात आलं. जन्मभर शोधलं ते तळहातावर घेऊन मी अंगठ्यानं पुसलं. चाची पान चघळत मुद्दाम दाराकडं बघत होत्या. मग मी सुई मागितली, दोऱ्याला मेण लावलं आणि दस्तार सरळ उभी राहील असं ते बटण पुन्हा बटव्यालाच शिवलं.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? मशीनच्या खणात ठेवतोय. खरं सांगतो उस्ताद, गाठी गरजेपेक्षा जास्तच मारल्यात. पुन्हा गेलो तर माझा भरवसा न्हाई.