सात किलोंत माझं किती

सोमवार, ६ जानेवारी

चाक तुटलं. चेन्नईच्या विमानतळावर, भर रांगेत. तुटलं ते तुटलं, वर घरंगळत एका गृहस्थांच्या पायाशी गेलं. त्यांनी ते उचलून अदबीने माझ्या हातात दिलं.

पुढे विमानात ती बॅग वर ठेवायची. उजवा खांदा दसऱ्यापासून आखडलेला, हात कानाच्या वर जात नाही. अर्ध्यावर अडकले. मागून आवाज, "आंटी, हटिए, मैं रख देता हूँ." आंटी! स्वतःचे केस पिकलेले होते त्याचे.

आणि हे सगळं आमचे साहेब मागच्या रांगेतून बघत होते. पुण्यात उतरल्यावर म्हणाले, "वर्षा मॅडम, जानेवारीअखेर ठरवू. झेपलं तर फिरतीचं काम तुमचं. नाहीतर टेबल आहेच." झेपलं तर! इतकी वर्षं खराडीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांनी लिहिलेले लॅबचे रिपोर्ट तपासले. आता कुठे स्वतः गावोगावच्या लॅब बघायला मिळतायत. काम कसं केलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. बॅग उचलता येते का, ही परीक्षा.

मंगळवार, ७ जाने.

अविनाशला म्हटलं, नवी बॅग घेते. "का? हिला काय धाड भरलीय? चाक बदलून आणू. टाकी आहे टाकी ती."

टाकीच आहे. रिकामी काट्यावर ठेवली, चार किलो. विमानात हातात न्यायला सात किलोंची परवानगी. उरलेल्या तिनात लॅपटॉप, बूट, कपडे, औषधं. बॅग सामानाबरोबर खाली टाकून द्यावी तर उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळायचं, आणि लॅबवाले सकाळी नवाला दारात उभे.

अविनाशचं तत्त्वज्ञान: जड ते मजबूत. हलकं म्हणजे तकलादू. माझा हा नवरा महिन्यातून एकदा वाघोलीला भावाकडे जातो, तोही पिशवी घेऊन. बॅगांवर बोलणार हा.

गुरुवार, ९ जाने.

ऑफिसातून परस्पर मॉलमध्ये. विक्रेता मुलगा, वय बावीस असेल. पहिला प्रश्न, "सरांसाठी बघताय का मॅम?"

म्हटलं, सर कुठे जात नाहीत.

मग त्याने एक टणक कवचाची बॅग आडवी टाकली आणि तिच्यावर उभा राहिला. "बघा मॅम, काही होत नाही." अरे बाबा, मी विमानात बसते, बॅगेवर नाही. खाली, बुडाशी धरायला मूठ आहे का विचारलं. एका हाताने वरून आणि एका हाताने खालून धरली तरच ती माझ्याच्याने डोक्यावर जाते. त्याला प्रश्नच कळला नाही. "मॅम, कलर ऑप्शन्स खूप आहेत."

रंग! खांदा माझा दुखतो, रंग काय चाटायचेत?

शनिवार, ११ जाने.

घेतली एकदाची. शनिवार पेठेतल्या जुन्या दुकानात. जाताना पाच किलो तांदळाची पिशवी बरोबर नेली होती. दुकानदार काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "धान्याचं दुकान पुढच्या चौकात."

म्हटलं, मला बॅगेत घालून उचलून बघायचंय.

"आजवर कोणी तांदूळ घेऊन आलं नाही."

"वर उचलायच्या बॅगा तुम्ही खाली ठेवून विकता, म्हणून आणावा लागला." काका उठले. मग स्टूल सरकवून फळीवरचे खोके काढले आणि फळी मोकळी करून दिली. पुणेरी माणूस, बोलला वाईट, वागला बरा.

चार बॅगा तांदळासकट फळीवर चढवून पाहिल्या. चार चाकांची पहिली, दुकानाच्या उतारावरून स्वतःच रस्त्याकडे निघाली. दुसरीचा दांडा लुळा. तिसरीला खालची मूठ नव्हती. चौथी कापडी, राखाडी, दोनच चाकं पण मोठी आणि अर्धी आत बसवलेली, बुडाशी भक्कम मूठ. रिकामी जेमतेम दोन किलो. डाव्या हाताने वरून, उजव्याने खालून, आणि गेली फळीवर! खांदा ओरडला, पण गेली. काका म्हणाले, "छान. आता तांदूळ काढून घ्या."

रिक्षात एकटीच हसत होते.

रविवार, १२ जाने.

उद्या सकाळचं हैदराबाद. बॅग पलंगावर. अविनाशने बोटाने टकटक केलं, कलिंगड बघतात तसं. "कापडी आहे." हो. मी डोळ्यांनी पाहूनच घेतली.

मग सासूबाई आल्या. एका हाताने बॅग उचलली. "अगोबाई, किती हलकी! बरं झालं. आता मेधाचं सगळं मावेल यात."

मेधा म्हणजे नणंद, हैदराबादला असते. गेल्या दोन खेपांना भाजणी आणि मेतकूट तिच्याकडे पोचतं केलंय मी, काम संपल्यावर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन. परवा संक्रांत, म्हणजे गूळपोळ्या आल्याच. मी शनिवारभर वणवण करून दोन किलो वाचवले ते कोणासाठी? मेधासाठी! माझ्या खांद्याची कोणाला पडली नाही. जागा झाली की भरायची, एवढंच या घराला ठाऊक.

आईंना म्हटलं, पोळ्या नेते, बाकी काही नाही. "बरं," म्हणाल्या. फार लवकर म्हणाल्या.

सोमवार, १३ जाने. हैदराबाद

संताप. 

सुरक्षा तपासणीत बॅग बाजूला काढली. बाईंनी उघडली. बूट काढला. बुटात मोजा, मोज्यात बाटली.

"ये क्या है?"

मला काय माहीत! उघडून बघितलं. साजूक तूप. "घी," म्हटलं.

"जूते में?"

मागची अख्खी रांग बघत होती. सांडू नये म्हणून मोज्यात, फुटू नये म्हणून बुटात, मला कळू नये म्हणून गुपचूप. तूप हातातल्या सामानात चालत नाही, बाटली तिथेच काढून ठेवली. बाकीचं सामानही उलटंपालटं करून पाहिलं, पोळ्यांचा डबा दोनदा यंत्रातून काढला. धावत सुटले. विमानाचं दार बंद करायच्या बेतात होते.

बॅग मात्र वर ठेवली. स्वतः. एवढी एकच गोष्ट आज माझ्या मनासारखी झाली. साहेब नव्हते बघायला.

मंगळवार, १४ जाने. हैदराबाद

लॅबचं काम दुपारीच आटपलं. मेधाकडे. तिने डबा घेतला, तिळगूळ दिला, आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात डबा सरकवला. तिथे मीच आणलेली आधीची भाजणी दिसली. डब्यातून काढून ठेवलेली, पण पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "वहिनी, खरं सांगू? आमच्याकडे खात नाही हो कोणी. यांना शुगर, मुलांना नको असतं. मेतकूट वॉचमनला दिलं. आईला मात्र नका सांगू."

नका सांगू! खांदा मोडून मी आणायचं, वॉचमनने खायचं, आणि तोंडाला कुलूप मीच लावायचं. म्हटलं, अगं मग आईंना तूच सांग की, नको पाठवू म्हणून. तर म्हणे, "तिला वाईट वाटेल." आणि माझं वाईट वाटणं कोणत्या खात्यात?

निघताना आधीचे दोन्ही डबे परत दिले. रिकामा डबा पाठवू नये म्हणून दोन्ही बिस्किटांनी भरले. येताना बॅग जाताना होती त्याहून जड.

गुरुवार, १६ जाने.

घरी. आईंचा पहिला प्रश्न, "आवडल्या का पोळ्या?"

हो म्हटलं.

"तूप पोचलं?"

"पोचलं."

जीभ का कचरली कोणास ठाऊक. स्वतःचाच राग आला. आई खूश, "बघ, बुटात घातलं म्हणून नीट गेलं."

शनिवार, १८ जाने.

साहेबांना तपासणीचा किस्सा कुठूनसा कळला. हसून म्हणाले, "मॅडम, घरचं एवढं बघावं लागतं, तर विचार करा. पुढच्या सोमवारपर्यंत कळवा." घरचं बघावं लागतं! फिरतीवरचा आमचा पाटील दर खेपेला बायकोच्या साड्यांची खरेदी करून येतो, त्याला विचारलं का कोणी?

घरी येऊन अविनाशवर निघालं सगळं. "पुन्हा माझ्या बॅगेत कोणी काही घातलं तर बघ. कुरिअर कशाला असतं?"

"कुरिअरने पाठवायचं म्हणजे परक्यासारखं वाटतं गं. आईचं वय बघ."

"आणि माझा खांदा?"

"तेच तर म्हणतोय मी. सोड ना ती फिरती."

जेवले नाही.

बुधवार, २२ जाने.

अविनाशने आईंना तुपाचं सांगून टाकलं. मेधाचं त्याला ठाऊक नाही, नाहीतर तेही सांगितलं असतं. आई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. अबोला माझ्याशी का? बाटली मी घातली होती का?

रविवार, २६ जाने.

उद्या पुन्हा हैदराबाद. बॅग भरली, आकड्याच्या काट्याला लटकवली. सहा किलो आणि वर थोडं. आई दारात उभ्या. हातात काही नाही.

बोलवेना, पण म्हटलं, मेधाला काही द्यायचं नाही का?

"नको. तिला नकोच असतं ते."

 कधीपासून माहीत होतं यांना?

"पोटची पोर आहे, आवाजावरून कळत नाही का? पण सामान पाठवलं की पोचल्याचा फोन करते गं ती. करावाच लागतो. नाही पाठवलं की दोन-दोन महिने..."  पलंगावर बसून बॅगेची चेन उगाच मागेपुढे करत राहिल्या. "जाऊ दे. तुझा खांदा दुखतो."

इतके दिवस मी कोणावर चिडत होते! म्हणजे आईंवरचा राग गेला असं नाही, त्या बुटाचं मी जन्मात विसरणार नाही. पण मेधा! आईच्या आवाजाची किंमत पाव किलो भाजणी?

गॅलरीत जाऊन तिला फोन लावला. "मेधा, उद्या संध्याकाळी येतेय. रिकाम्या हाताने येतेय. आईंना फोन मात्र तू करायचास. उद्या सकाळी, मी निघायच्या आत. काही पोचलं नाही तरी."

"वहिनी, अहो सकाळी किती घाई असते..."

"मीही घाईतच असते," म्हटलं आणि ठेवला.

मग साहेबांना कळवून टाकलं: झेपतं. फिरतीचं काम मला हवंय. बघू काय उत्तर येतं.

सोमवार, २७ जाने. विमानात

तपासणीत पाच मिनिटंही लागली नाहीत. बॅग वर ठेवली. डाव्या हाताने वरून, उजव्याने खालून. शेजारचा माणूस उठायला लागला होता, त्याला म्हटलं, बसा.

बसल्या बसल्या घरी फोन केला. "आई, मेधाचा आला होता का?"

"अजून नाही. सकाळची कामं असतात तिला. तू नीट पोच. आणि पोचलीस की फोन कर."

साहेबांचंही उत्तर नाही अजून. फोन बंद करायला सांगतायत. हवाईसुंदरी दोनदा येऊन गेली. करते म्हटलं, करते. आधी मेधाला लावते. आईंशी बोलत असेल तर एंगेज लागेल, बघते.