भाऊजींच्या टकलाचा उजेड

ती. स्व. भाऊजींस,

धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे सध्या जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांनीच). इकडे आम्ही बरे आहोत. तुमची प्रकृती, तुमची क्रेन आणि व्हिडिओ कॉलवर कधीच न उतरणारी तुमची टोपी, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे.

ताईच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, नजर आणखी उतरणार, पण भरपूर उजेड असला तर अजून बरंच दिसतं. त्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "दिसतंय तोवर तिला माझे फोटो दाखवत जा," आणि बंदरावरची नोकरी आणखी वर्षभर वाढवून घेतलीत. मी पडलो फोटो स्टुडिओतला माणूस. आज्ञा शिरसावंद्य मानून मोठा टीव्ही आणला आणि तुमचे फोटो लावले. ताई म्हणाली, "धुकं छान आलंय."

आता जरा धंद्याचं बोलतो (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद वाचा, पण मला वाईट वाटेल). आपले साधे फोटो म्हणजे दाबून लहान केलेले. त्यातून तुमचे आलेत घरच्या ग्रुपवरून, आत्याकडून काकूकडे, काकूकडून परत आत्याकडे, दर खेपेला आणखी दाबले जाऊन. तुमच्या नाकाच्या पार फरश्या झाल्यात. शिवाय अशा फोटोत पांढऱ्याच्या पुढे जागाच नसते, त्यामुळे सदरा पांढरा आणि दिवाही तेवढाच पांढरा. एचडीआर नावाच्या नव्या प्रकारात दिवा दिव्यासारखा झगमगतो. साध्या फोटोचा एचडीआर करून देणारा प्रोग्राम मिळतो, पण दिवा कोणता आणि नुसतं पांढरं काय, हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं. आणि त्याचे अंदाज म्हणजे आत्याने जुळवलेली लग्नं (तुमचं सोडून).

पहिल्या खेपेला आत्याचेच नवे दात पेटले. दुसऱ्या खेपेला चहाची किटली अशी तळपली की ताईने डोळ्यांवर हात आडवा धरला. मी एकेक वस्तू विझवत बसलो (पासपोर्टच्या फोटोसाठी ताटकळलेलं गिऱ्हाईक तेवढ्यात रागावून निघून गेलं). शेवटी तुमच्या सोबत्याने तुमच्या नकळत काढून पाठवलेला फोटो घेतला, क्रेनखाली टोपी काढून घाम पुसतानाचा. प्रोग्रामने सदरा सोडला, आभाळ सोडलं आणि ठामपणे ठरवलं की दिवा म्हणजे तुमचं टक्कल.

भाऊजी, काय सांगू, खोलीत उजेड पडला! मी घाईघाईने तो विझवायला गेलो तर ताई ओरडली, "थांब, हे आहेत!" उठून इतकी जवळ गेली की कपाळ काचेला लागलं. नाकाडोळ्यांचं तिच्या हाती काही लागणार नव्हतंच. एकदा दाबून फेकलेलं परत येत नाही, प्रोग्राम फक्त उजेड वाढवतो. पण त्या गोल उजेडावरून हात फिरवत ती म्हणाली, "केस गेले होय सगळे? म्हणून ती टोपी!" आणि हसली. खूप दिवसांनी हसली. मीही हसलो, आणि मग मला नाक पुसावं लागलं.

तेव्हा कामगिरी फत्ते. बाकीचे फोटोही असेच करून ठेवतो. तुम्ही निश्चिंतपणे वर्ष पुरं करा.

तुमचा आज्ञाधारक,
मेव्हणा

ता. क. बाकीचे फोटो करणार नाही. ताई म्हणते, "टीव्हीतला उजेड पुरे झाला, मला माणूस बघायचाय." वर्षाने आलात तरी टीव्ही असेल, किटली असेल, मीही असेन. तिची नजर तोवर थांबेल असं मात्र डॉक्टर म्हणालेले नाहीत. ती आपल्याला ओळखेल का, ही तुमची धास्ती मला त्या दिवशी फोनवर ऐकू आली होती. ओळखते, भाऊजी.

आणखी एक ता. क. स्टेशनवर ताई स्वतः येणार आहे. कुणी दाखवायचं नाही, मीच लांबून ओळखेन म्हणते. तेव्हा दुपारच्या गाडीने या, ऊन चांगलं असतं. आणि हात जोडतो, टोपी घालू नका.