मोहीम निवडताना सिंधूमावशीनं घातलेला घोळ

मनीषनगर, नागपूर
रविवार, जेवणं आटोपल्यावर

तीर्थस्वरूप मोहितदादा यांस,

अंकुशचा नमस्कार, आणि तोही उभ्यानंच, कारण गुडघा धरलाय. (तू माझ्याहून जेमतेम सात महिन्यांनी मोठा, म्हणून तीर्थस्वरूप लिहिताना पेन अडलं होतं. पण मावसभाऊ आहेस, परदेशात आहेस, आणि फोटोत कानाजवळचे केस पांढरे दिसून राहिले, तेव्हा घे मान.) तुझी सर्दी, तुझी पाठ आणि तुझ्या खालच्या मजल्यावरचा तो कुरकुऱ्या म्हातारा, तिघंही ठीक असतील अशी आशा आहे. एडमंटनला बर्फ पडायला लागला असेल. इथे अजून पंखा दोनवर आहे. पत्र काहून लिहितो म्हणशील, तर फोनवर तू 'हं, बोल' म्हणत भांडी घासतोस, आणि हे प्रकरण भांड्यांच्या आवाजात सांगण्यासारखं नाही. शिवाय मावशी, म्हणजे तुझी आई, तुला लोकरीचे मोजे पाठवते आहे, त्या पार्सलात कागदापुरती जागा निघाली.

तर बातमी अशी, की आपला खेळ पुन्हा सुरू होतो आहे. टेबल, फासे, कागदी नकाशे, सगळं. तू गेल्याला चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत आम्ही तिघं, मी, रोहित आणि वैभवी, एकदाच बसलो होतो. बाकीचे गोष्टीतली पात्रं होऊन फासे टाकणार, तर गोष्ट सांगणारा कोणीतरी हवा, म्हणून तुझ्या जागी मी बसलो. तू जसा मनानंच गुहा, राजे, दगाबाज रचायचास तसं करायला गेलो. पाऊण तासात रोहितनं विचारलं, "या राज्याचा शत्रू कोण आहे बे?" आणि माझ्या लक्षात आलं, की शत्रू करायचाच राहिला. घाईत एका भिकाऱ्याला शत्रू केलं. वैभवीला त्याची दया आली, तिनं त्याला जेवू घातलं, आणि मोहीम संपली. त्या दिवशी ठरलं, की आता छापील मोहीम घ्यायची. सहा सहा पुस्तकांची तयार मालिका, शत्रूसकट. त्यातलं वाचून दाखवायचं आणि दोन वर्षांचे रविवार निश्चिंत.

पुस्तकं तुझ्याच कपाटातली काढली (परवानगी गृहीत धरली). मावशीच्या बैठकीतच बसतो, कारण रविवारी गणपतराव मावसाजी कुहीला धान बघायला जातात आणि हॉल रिकामा असतो. तीन मालिका निवडल्या: खाऱ्या सिंहासनाचा शाप, सात बेटांचे चाचे आणि शेवटचं दीपगृह. (नावं मी मराठीत केली. इंग्रजीत ती औषधांची वाटतात असं मावशीचं मत पडलं.) प्रत्येकीचा एकेक भाग खेळून बघायचा आणि मग मतदान, सगळ्यांचे हात वर आले तरच ती घ्यायची. वैभवी आली (तिचा दातांचा दवाखाना आता जोरात चालतो, पण रविवारी बंद ठेवते), रोहित काटोलहून बसनं आला, आणि आम्ही कागद मांडतो तोच मावशी कांदेपोहे ठेवून तिथेच बसली. बसली ती उठेना.

"मले बी घ्या," म्हणाली.

आम्ही तिला सगळं समजावलं. योद्धा होता येतं, जादूगार होता येतं, चोर होता येतं. ती म्हणाली, "मी नकाशेवाली होतो. चौतीस वर्षं भूगोल शिकवला, आता तलवार कुठं धरू?" मग काय, आमच्या टोळीत एक नकाशेवाली आली. तिनं पहिल्याच दिवशी शापित सिंहासन पाडलं. छापील नकाशात ज्वालामुखीच्या पोटात मिठाची खाण होती. मावशीनं चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि नकाशावर फुली मारून शेजारी 'पुन्हा लिहा' असं लिहिलं. (तुझं पुस्तक. माफ कर.) तशीही ती मालिका रंगत नव्हती. मी वाचून दाखवत होतो आणि वैभवी चोरून कोणाच्या तरी दाढेचा एक्स-रे बघत होती. रोहित हळूच म्हणाला, "मोहितच्या गुहेत वास यायचा बे. ओल्या गोणपाटाचा." त्यावर मावशीनं विचारलं, "आन् राक्षसाचा आवाज कसा काढे तो?" रोहितनं काढून दाखवला. मावशी म्हणाली, "आणखी एकदा काढ ना." त्यानं तीनदा काढला.

दुसरा रविवार काटोलला केला. हंगाम ऐन भरात असल्यामुळं रोहितला संत्र्यांची आडत सोडून येता येईना, म्हणून आम्हीच बसनं गेलो, मावशीसकट. त्याच्या टीनाच्या खोलीत चाचे सुरू झाले. बाहेर संत्र्यांचे ढीग, ट्रॅक्टर, आरडाओरडा. आत आमचं जहाज वादळात. रोहितनं मावशीसाठी एक पेटी मनीषनगरकडे जाणाऱ्या टेम्पोत टाकायला हमालाला आधी सांगून ठेवलं होतं. नेमकं रोहितला डोलकाठीवरून उडी मारायची होती. वीस बाजूंचा फासा त्यानं टाकला, फासा फिरत राहिला, आम्ही श्वास धरला, आणि त्याच क्षणी बाहेरून हमालानं हाक दिली, "भाऊ, मनीषनगरले किती टाकू?"

"वीस!" रोहित खुर्चीवर चढून ओरडला. "वीस! वीस!"

संध्याकाळी मावशीच्या दारात वीस पेट्या. लिफ्ट बंद होती, तिसरा मजला. मावसाजी कुहीहून चिखलाचे बूट घेऊन आले तर त्यांना घरात शिरायला वाट नाही. आठ दिवस सगळी सोसायटी रस पिऊन राहिली होती, आणि वॉचमन मला बघून अजूनही पोटावर हात ठेवतो. या गडबडीत चाचेही पडले. म्हणजे आम्हा तिघांना आवडले होते, पण मावशीनं नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणे, "मले समुद्र लागते." टेबलाशी बसून!

आणि मग दीपगृह. दादा, काय सांगू. बर्फात अडकलेलं गाव, जहाजाची वाट बघणारी माणसं, आणि दिवा विझत चाललेला. मी त्या रविवारी चक्क बरा सांगत होतो. दीपगृहाच्या म्हाताऱ्याचा आवाज आपोआप तुझ्यासारखा निघाला (मी तो मुद्दाम काढला नव्हता, विश्वास ठेव). वैभवीनं फोनला हातही लावला नाही. मावशीनं अख्खा किनारा पेन्सिलनं काढला, खडकांसकट, आणि तिचा चहा सायीखाली थंड झाला. मला वाटलं, जमलं! हात वर करा म्हटलं. तीन हात वर. मावशीचा खाली.

इथे माझं चुकलं. मी चिडून म्हणालो, "मावशी, तुला खेळायचंच नसेल तर तसं सांग, आम्हाला काहून अडवतेस?" ती कप गोळा करून आत गेली. वैभवीनं माझ्याकडे असं बघितलं, की भूल न देता दाढ काढेल.

तर सध्या असं अडलं आहे. तू यातला जाणता, म्हणून विचारतो: तिन्हींतली कोणती घ्यावी? सविस्तर कळव. तब्येतीला जप, उपाशीपोटी कॉफी पिऊ नकोस, आणि त्या म्हाताऱ्यालाही माझा नमस्कार सांग.

तुझा,
अंकुश

ता. क. वरच्या प्रश्नाचं उत्तर पाठवायची गरज नाही. मी मागून स्वयंपाकघरात गेलो होतो, माफी मागायला. मावशी ओट्याशी उभी होती. म्हणाली, "तुले राग आला न, बाबू? दीपगृह मलेबी आवडलं. पण त्यात मोहितच्या पेन्सिलीच्या खुणा हायेत. तिन्हींत हायेत. मी आधीच पाहून ठेवल्या." मला कळेना. मग तिनं मलाच आपल्या खेळाचा नियम सांगितला: ज्यानं मोहीम वाचली, त्याला ती खेळता येत नाही, पुढचं सगळं माहीत असतं. "तो कधी आला न, तर नुसता बाजूले बसून राहील. इतकी वर्षं तुम्ही पोट्टे त्या खोलीत खेळत होते, मले इथं नुसतं हसणं ऐकू ये. मले एकडाव त्याच्या संगं खेळाचं हाय."

ता. क. २. तेव्हा तिन्ही मालिका रद्द. गेल्याच महिन्यात नवीन निघालेली, हरवलेल्या काफिल्याची, वैभवीनं मागवली आहे. आम्ही ती हळू खेळू. तू पंधरा दिवसांसाठी जरी आलास तरी दोन रविवार सापडतात, आणि तोपर्यंत ती संपणार नाही याची जबाबदारी माझी. तू येणार का, हे मावशी विचारत नाही. मी विचारतो.

ता. क. ३. कृपा करून ती मालिका वाचू नकोस. तुला ओळखतो मी, निघाली त्याच दिवशी वाचून काढली असशील. तसं असेल तर मला कळवू नकोस. मावशीला फोन कर, आणि वाचली नाही म्हणून सांग.