हाक मारायला मनाई

२ ऑक्टोबर १९९८, ढाकेवाडी
पोचले एकदाची. पुण्याहून बीड, बीडहून केज, आणि युसूफ वडगावच्या पुढे जीपच्या टपावर माझा तिरपा होणारा पलंग अन् मांडीवर मॉनिटर, अशी वरात. गावात शिरताना शेळ्या बाजूला झाल्या, माणसं नाही झाली. उभी राहून बघत होती. मला हसू आलं.

राहायची सोय विरुपाक्षआप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत. त्यांची बायको दानम्मा माझ्याच वयाची. आल्याआल्या गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढ्यात ठेवलं. कडेवर दीड वर्षाची रुद्राणी, आईच्या मानेला मिठी मारून. दानम्माचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. चुलीपुढेच भोवळ येऊन पडली होती म्हणे. "ताई, माझा नंबर पहिला लावा," म्हणाली.

याचसाठी तर आले मी. इथल्या माणसांना फार भोवळ येते. मिरगी नाही, हृदय ठणठणीत, तरी उभ्याउभ्या कोसळतात. पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक सरांना वाटतं, त्या क्षणी मेंदूच्या भागांमधले दुवे काही वेगळ्याच पद्धतीने सुटत असावेत. मी त्यांचे नकाशे काढायचे. पहिलं स्वतंत्र काम. झोप छान लागेल.

५ ऑक्टोबर
ग्रामपंचायतीची रिकामी खोली मिळाली. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी घालायची, पट्टे बांधून पलंग उभा करायचा आणि भोवळ येण्याची वाट बघायची. पडद्यावर डोक्याचं वर्तुळ दिसतं. मेंदूचे जे भाग एका तालात चालतात त्यांच्यामध्ये रेघा. जागेपणी रेघांचं दाट जाळं असतं, आणि ते ज्याचं त्याचं, हस्ताक्षरासारखं. भोवळ आली की रेघा तुटतात, वर्तुळ काळं पडतं. पलंग आडवा केला की पुन्हा उमटतात.

अडचण एकच. इथे पडलेल्या माणसाला कुणी एकटं सोडत नाही. घरचं माणूस कानाशी बसून त्याचं नाव घेत राहतं, तो उठेपर्यंत. त्या ओरडण्याने आलेख खराब होईल. शेवटी दारावर पाटी लावली: नातेवाइकांनी आत येऊ नये, हाक मारू नये.

पाटी वाचून पुरुष मंडळी तोंड वाकडं करून निघून गेली. त्यांचा राग आधीपासूनच आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि भोवळ येणाऱ्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही. माझ्या दारात दिसणं म्हणजे काम गमावणं. एकजण जाताना उंबऱ्यावर थुंकला.

७ ऑक्टोबर
आज दानम्मा. आप्पा दारापर्यंत आले. नुसतं बायकोच्या कानाशी बसू द्या, म्हणून हात जोडले. मी समजूत घातली आणि कडी लावली.

पलंग उभा केल्यावर थोड्याच वेळात तिची मान कलंडली. रेघा गेल्या, वर्तुळ काळं. मी पलंग आडवा केला. अजून काळंच. आणि मग रेघा आल्या, पण तिच्या जुन्या जाळ्यातली एकही नाही. सगळ्या मागच्या बाजूने निघून एका ठिकाणी गोळा होणाऱ्या. दानम्माने डोळे उघडले, खोलीभर बघितलं आणि विचारलं, "आनखी कोन हाय?"

मी म्हटलं, कुणी नाही, तुम्ही पहिल्याच. आनंदाने मी नकाशा लगेच कागदावर छापून घेतला. असा नकाशा कुणी पाहिला नसेल.

९ ऑक्टोबर
रुद्राणी आईकडे जात नाही. दानम्माने हात पुढे केला की किंचाळते, बापाच्या सदऱ्यात तोंड लपवते. दानम्मा सकाळी अंघोळीनंतर लिंगपूजा केल्याशिवाय पाणी घेत नसे. काल आणि आज गळ्यातलं लिंग खुंटीला लटकतंय, ती फिरकलीही नाही. भाजलेला हात चुलीच्या जाळाला लागला तरी मागे घेतला नाही. मी ओढला.

वडगावला जाऊन सरांना फोन केला. ते नकाशाबद्दलच बोलत राहिले. आणखी माणसं घे म्हणाले. बाकीचं सांगायचं राहून गेलं. खरं तर मी सांगितलं नाही.

१२ ऑक्टोबर
अजिनाथ आला. टोळीतला सगळ्यात दणकट गडी. एकदा भोवळ येऊन पडला म्हणून मुकादमाने अट घातली होती, बाईंकडून बरा असल्याचं लिहून आण, मगच गाडीत बस. सोबत आई सावित्रीबाई. मी दार लावू लागले तर म्हातारीने चौकट धरली.

"कावून लावता दार? मी कोपऱ्यात बसते. हात न्हाई लावायची मशीनला. नाव तेवढं घेते त्याचं."

मी तिची बोटं सोडवली आणि कडी घातली. ती बाहेरून हाका मारू लागली, तेव्हा लोकांना सांगून तिला दुकानाकडे न्यायला लावलं.

तोच नकाशा. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. रेघेवर रेघ बसली. दोन माणसांचं असं जुळणं शक्य नाही.

अजिनाथने डोळे उघडून विचारलं, "आनखी कोन हाय?"

१४ ऑक्टोबर
सावित्रीबाई सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "मानूस उठून गेलं की घर उघडं पडतं, बाई. हाक ऐकून ते माघारी येतं. हाक न्हाई दिली तर दुसरं कुनी घुसतं. माज्या घरात जे जेवायला बसतंय ते माजं पोरगं न्हाई."

मी धक्क्याबद्दल, थकव्याबद्दल काहीतरी बोलले. त्या ऐकून घेऊन गेल्या. हापशावर बायकांनी मला पाणी भरू दिलं नाही. जीपवाला रिकामी जीप घेऊन माझ्यासमोरून निघून गेला.

१६ ऑक्टोबर
दानम्माचा जागेपणीचा नकाशा पुन्हा काढला. ७ तारखेला भोवळ येण्याआधी होता तो हा नाही. हा दुसराच, अजिनाथच्या कागदाशी जुळणारा.

आप्पांना सगळं सांगितलं. ते रडले नाहीत. म्हणाले, परत झोपवा तिला, मी हाक मारतो.

दुपारी केलं. वर्तुळ काळं झालं आणि आप्पा तिच्या कानाशी वाकले. दानम्मा, दानम्मा, दानम्मा. घसा बसला तरी थांबले नाहीत. मग एका कडेला एक रेघ आली. दुसरी. तिच्याच. तिच्याच आवाजात बोलली:

"अहो, मी लई लांब हाय. जोरात बोला."

आप्पा ओरडले. मीही ओरडले. रेघा थरथरल्या आणि मागच्या बाजूने ते दुसरं जाळं चढून आलं, त्यांच्यावरून पसरलं. एकेक रेघ मिटली. दानम्माने डोळे उघडले, आप्पांचं तोंड तळहाताने दाबलं आणि दाबूनच ठेवलं. आम्हा दोघांना मिळूनही तो हात सोडवेना.

१९ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. आमच्या घरात दिवा नाही. आप्पा रुद्राणीला घेऊन चकलांब्याला, बहिणीकडे गेले. मला चला म्हणाले नाहीत. मी विचारायच्या आत एसटी गेली.

मी आणि दानम्मा. ती दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघते. मोजल्यासारखं.

२१ ऑक्टोबर
आता पलंग लागत नाही. भर दुपारी शेतात तिघं पडले. हाक मारायला घरचे धावले तर अजिनाथ आधीच तिथे. पडलेल्यांजवळ उभा, कुणाला जवळ येऊ देईना. एका म्हाताऱ्याने तरीही नाव घेतलं, तर त्याचा जबडा —

तिघंही उठले. मला नकाशा काढायची गरज नाही.

गावाने माझी मशीन फोडली. बरं झालं.

२३ ऑक्टोबर
गाड्या निघाल्या. कोयते, भांडी, पोरं, बैल. अजिनाथ पहिल्या ट्रकवर. त्याच्या शेजारी ते तिघं, अंगाला अंग लावून, एका लयीत श्वास घेत. सांगलीकडे, कोल्हापूरकडे. तिथे हजारो माणसं. उन्हात, उपाशी, उभ्याउभ्या पडणारी.

मी मुकादमाला सांगायला गेले. तो म्हणाला, तुमीच बरे केले ना त्यांना. आणि ट्रकच्या मागे धुळीत मी —

फोन लावायला वडगावला चालत निघाले. निम्म्या वाटेतून गावच्या पोरांनी दगड मारून परत फिरवलं.

२४ ऑक्टोबर
पाणी नाही. कुणी देत नाही. उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळं. दानम्मा दाराबाहेर बसली आहे. आत येत नाही. वाट बघते.

खिडकीतून एका पोराकरवी सावित्रीबाईंना निरोप धाडला. आल्या. मी पाय धरले. मला भोवळ आली तर कानाशी बसा, नाव घ्या, कावेरी, एवढंच, कावेरी.

त्यांनी पाय सोडवून घेतले. मग म्हणाल्या, "माज्या लेकाला हाक मारू दिली का तुमी?"

आणि गेल्या. दार उघडं ठेवून.

२४, दुपार
आडवं पडून लिहितेय. भिंत फिरते. दानम्मा आता उंबऱ्याच्या आत —

बसायचं नाही. उठायचं नाही. डोळे —

मीच हाक मारते. मोठ्याने मारते. माझं नाव मला ठाऊक आहे. कावेरी.

मारली. कुणीतरी ओ दिली. माझ्याच तोंडातून आली, पण ती मी दिली नव्ह—